टाळू भरणारी मंडळी

धर्माबादेत दोन गोष्टींवर प्रत्येकाला मत असतं: यंदाची मिरची आणि दुसऱ्याच्या घरचं तान्हं मूल. मिरचीवर मत द्यायला निदान बाजारापर्यंत जावं लागतं, पोत्यात हात घालावा लागतो, चार शिंका द्याव्या लागतात. बाळावर मत द्यायला एवढेही कष्ट पडत नाहीत. बाळंतीण घरी आली आहे, इतकं गल्लीला कळलं की पुरे. बाई येते, दाराशी चपला काढते, लांबूनच “कोणावर गेलंय बाई” म्हणते, आणि मग तिचा हात सगळं बाळ सोडून एकाच जागी उतरतो. टाळूवर. बोटं तिथं घटकाभर टेकतात, भुवया वर चढतात आणि निकाल लागतो, “अगं माय, केवढी मोठी हाय ही! तेल घालायलात का नाही?”

बाळाच्या गालाला हात लावायचा तर आजकालच्या आया आधी हात धुवायला लावतात. मिरची कांडून आलेल्या बाईला तर उंबऱ्यातच अडवतात, आणि ते बरोबरच आहे. टाळूला मात्र हे नियम लागू नाहीत. बाळ आईबापाचं, टाळू गावकीची.

आमच्या शेजारची लेक निजामाबादला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आली. त्यामुळे बाळाला धर्माबादची आज्जी आणि निजामाबादची नानम्मा अशा दोन सत्ता जन्मतःच लाभल्या. जावई हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये. बाळाच्या माथ्यावर काहीतरी धडधडतंय हे सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात आलं, कारण बाकीची मंडळी नाक कोणाच्या वळणाचं यावर वाद घालण्यात गुंतली होती.

“हे हलतंय,” तो म्हणाला.

“हलणारच. हाड नाही तिथं,” आज्जी शांतपणे म्हणाल्या.

“हाड नाही?”

“यील की. भरली की यील. घाबरू नका, जावईबापू.”

जावईबापू पांढरेफटक पडले. अर्धवट माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा आणि उरलेलं काम मागाहून पाठवत राहायचं, ही पद्धत फक्त आपल्याच धंद्यात आहे अशी त्यांची समजूत होती.

पण हिशेब पाहिला तर निसर्गानं इथं कुचराई केलेली नाही. नवजात मुलाची कवटी एकसंध नसतेच. कपाळाची दोन हाडं, माथ्याची दोन, मागचं एक, कानांच्या बाजूची दोन, अशी ती सुटी सुटी असतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि शिवणी जिथं एकमेकींना भेटतात तिथं फट राहते. अशा फटी जन्मताना सहा असतात. पुढची, शंकरपाळ्याच्या आकाराची, सरासरी दोन सेंटिमीटरची, ती आपली प्रसिद्ध टाळू. मागची तिकोनी आणि इवलीशी. ती दोन-तीन महिन्यांत मिटूनही जाते, पुष्कळ घरांत तर ती होती हेही कोणाला कळत नाही. उरलेल्या चार डोक्याच्या दोन्ही बाजूंना, पुढे दोन आणि मागे दोन. त्या चौघींना गावात कोणी ओळखत नाही. त्यांना कोणी तेल घालत नाही, त्यांची चौकशी करायला कोणी चपला काढून आत येत नाही.

या फटींचं पहिलं काम बाळ जगात येण्यापूर्वीच होऊन जातं. वाट अरुंद आणि डोकं मोठं, म्हणून प्रसूतीच्या वेळी ही हाडं एकमेकांवर सरकतात आणि डोकं तेवढ्यापुरतं निमुळतं होतं. काही बाळं त्यामुळे लांबुळकं डोकं घेऊनच येतात. चार-आठ दिवसांत ते आपोआप गोल होतं. नेमक्या त्याच चार-आठ दिवसांत घरातली वडीलधारी बाई रोज तळहातानं डोकं दाबून गोल करत असते. त्यामुळे श्रेय कोणाला जातं, हे सांगायला नको.

दुसरं काम लांबचं. जन्मताना डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो, वर्षाच्या शेवटी तो ४५-४६ वर जातो. एवढ्या वेगानं माणसाचं डोकं पुन्हा जन्मात वाढत नाही, नंतर वाढला तर फक्त त्याचा ताठा वाढतो. आत मेंदू फुगत असताना वरचं झाकण पक्कं बसवलं तर पंचाईत. हे समजायला धर्माबादकराला वैद्यकाचं पुस्तक लागू नये. आपल्या तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचे १४ दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल आहे. पुराच्या दिवसांत दार लावायचं नाही. डोक्यालाही तोच निकाल लागू आहे, फक्त तारखा तेवढ्या दिलेल्या नाहीत. कोणाची टाळू वर्षात मिटते, कोणाची दीड वर्षात, कोणाची दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास. तारीख नसली की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: ज्याला त्याला वाटतं, आपण जरा जोर लावला तर काम लवकर होईल.

बाभळीवरून आठवलं. २०१० च्या जुलैत या बंधाऱ्यापायी शेजारच्या आंध्रातून चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन सीमा ओलांडून आले, आणि त्यांना धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवून घ्यायची वेळ आपल्या पोलिसांवर आली. पाण्याचा तंटा त्या पायरीला गेला होता. तेलाचा तंटा अजून पोलिसांपर्यंत गेलेला नाही. पण बारशाच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरात तो फार लांबही नव्हता.

नानम्मा सकाळच्या गाडीनं उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीत घट्ट, पिवळसर एरंडेल. हातपाय धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवर बोट फिरवलं आणि तिथला वास घेऊन म्हणाल्या, “खोबरेल?” हा एकच शब्द त्या मराठीत बोलल्या, पण त्यात सगळं आलं. मग त्यांनी आपला कायदा सांगितला, “माडु मीद आमुदम पेट्टाले.” टाळूवर एरंडेलच घालायचं. तेलंगणात या मुद्द्यावर दुमत नाही. उष्णता उतरते, डोळे थंड राहतात, झोप लागते. एरंडी त्यांच्या शेतात पिकते, हा पुरावाही त्यांच्या बाजूनं होता.

आज्जींनी तेलुगू ऐकलं, समजलं आणि मराठीत उत्तर दिलं. धर्माबादेत भांडण असंच चालतं. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि दुभाष्या लागत नाही. “विहीणबाई, ते चिकट तेल लेकराच्या डोक्याला झेपत नाही. आमच्याकडं खोबरेलच.” आता धर्माबादेत नारळाचं झाड शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल, पण परंपरेला झाड लागत नाही, बाटली लागते. लातूरहून आलेल्या मावशींनी तिळाच्या तेलाची बाजू लावून धरली. समोरच्या काकू म्हणाल्या, हल्लीच्या तेलांवर भरवसा नाही, गाईचं तूप लावा. बाळंतिणीला कोणी विचारलं नाही. ती तशीही झोपेत होती, आणि त्या घरात त्या घडीला झोप लागलेलं ते एकमेव शहाणं माणूस होतं.

वाद मिटवायला गल्लीतले निवृत्त गुरुजी आले आणि त्यांनी तो वाढवला. त्यांनी ऐतरेय उपनिषद काढलं. त्यात आत्मा देहात शिरला तो डोक्याच्या शिवणीला भेद करून, माथ्याच्या वाटेनं, असं सांगितलं आहे. योगी जातानाही त्याच ब्रह्मरंध्रातून जातो म्हणतात. म्हणजे जिथून आत्मा आत आला, तिथूनच मागोमाग आज्जी खोबरेल पाठवतात, असा त्याचा अर्थ. जावयानं हळूच विचारलं, “पण गुरुजी, तेल कुठलं?” गुरुजींनी मग सुश्रुतसंहिता काढली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या माथ्यावर तुपात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवावा, असं सुश्रुतानं शारीरस्थानात लिहून ठेवलं आहे. समोरच्या काकू उभ्याच राहिल्या. “मी काय म्हणलं होतं? तूप!” दोन राज्यांच्या भांडणात तिसऱ्याच माणसाचा विजय व्हावा, हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलं आहे.

शेवटी तडजोड झाली. सकाळी खोबरेल, संध्याकाळी एरंडेल, सर्दी वाटली तर वेखंड, आणि बारसं बाराव्या दिवशी इथं, एकविसाव्या दिवशी तिथं. बाळाला नावंही दोन मिळाली. टोपडं मात्र डोक्यावर टिकेना. सकाळी घातलं की दुपारी कानावर, संध्याकाळी गळ्यात.

दीड महिन्याचं झाल्यावर बाळाला लस द्यायला नेलं. बालरोगतज्ज्ञ तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, चेहऱ्यावर अजून रात्रीच्या ड्यूट्या दिसत होत्या. त्यांनी टोपडं काढलं आणि बोटं पुसायला कापूस मागितला. मग त्यांनी घरच्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकलं, कारण सगळेच आले होते.

टाळू धडधडते ते खालच्या रक्तवाहिन्यांचे ठोके, त्यात भिण्यासारखं काही नाही. तिथं हाड नसलं तरी चिवट पडदा आहे, हलक्या हातानं न्हाऊ-माखू घातल्यानं तिला काही होत नाही. तेल कातडीवर राहतं, आत मेंदूपर्यंत जात नाही. टाळू तेलानं लवकर मिटत नाही आणि तेल न घातल्यानं उघडीही राहत नाही. मालीश करा, बाळाला आवडते, पण तेल नंतर धुऊन काढा, थर साचला की खपल्या धरतात. नाकात आणि कानात तेलाचा थेंबही नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर निमोनिया होतो. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवली असेल तर काढून टाका. बाळाला पाठीवर झोपवा, उशी नको, आणि जागं असताना कोणी समोर बसून थोडा वेळ पालथं खेळवा, डोकं आपोआप नीट होतं. आणि रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब, ४०० युनिट. ते हाडांना लागतं. टाळू फारच रेंगाळली तर आम्ही आधी त्याच्या आणि थायरॉइडच्या कमतरतेचा विचार करतो. फार लवकर मिटली तरी दाखवा, शिवणी वेळेआधी जुळल्या तर मेंदूला जागा पुरत नाही.

बाहेर आल्यावर आज्जींनी पदर सावरला. “डॉक्टर चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पण लेकरू हाय. त्याचीच टाळू आताआता भरलीय.” नानम्मा मान हलवून हसल्या. दोन राज्यांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मोहरीची उशी मात्र गेली. नाकातलं तेलही थांबलं. टाळूवरचं तेल चालू राहिलं, आणि मी पुढे बरेच दिवस त्याकडे पाहत राहिलो, कारण त्यात मला एक कोडं दिसत होतं. सहापैकी पाच फटी कोणाच्या तेलाशिवाय मिटतात, आणि सहावीही तशीच मिटणार. मग हा सगळा उद्योग कोणासाठी? माणसाला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही: आपल्यावाचून एखादं काम नीट होणं. बाळाच्या बाबतीत तर अशी कामं फार. मेंदू आपोआप वाढतो, दात आपोआप येतात, पालथं पडणं कोणी शिकवत नाही. घरातल्या दहा माणसांनी मग करायचं काय? त्यांना काहीतरी काम हवं म्हणून टाळू आहे. ‘टाळू भरते’ म्हणायला आपली जीभ वळत नाही, आपण ‘टाळू भरतो’ म्हणतो.

हे कोडं मी सोडवलं असं मला मे महिन्यापर्यंत वाटत होतं.

नांदेड जिल्ह्यातला मे म्हणजे सांगायला नको. पारा ४३-४४ ला टेकतो, पत्रे दुपारी तडतडतात, स्टेशनावर उतरणारा माणूस फलाटावरची सावली बघून डबा निवडतो. अशा दिवसांत बाळाला जुलाब लागले. दिवसाला चार-पाच. दात येत असतील, कोणी म्हणालं. आईला कैरी बाधली असेल, कोणी म्हणालं. संध्याकाळी आज्जी नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेऊन बसल्या. बोट टाळूवर ठेवलं आणि तसंच थांबवलं. बाळाला उभं धरून पुन्हा पाहिलं.

“खाली गेलीय,” त्या म्हणाल्या. “सकाळी अशी नव्हती. रिक्षा बोलवा.”

बाकी कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. जावयाच्या मोबाइलवर बाळाच्या दुपट्यांचा हिशेब ठेवणारं ॲप होतं, त्यानंही तोंडातून शब्द काढला नव्हता. दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरांनी टाळू पाहिली, कोरडी जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, लघवी किती वेळा झाली ते विचारलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. आईचं दूध चालूच ठेवायचं आणि वर वाटी-चमच्यानं ओआरएस, असं सुरू केलं. दोन दिवसांत बाळ पूर्वीसारखं सगळ्यांच्या अंगावर दूध काढू लागलं. डॉक्टरांनी उरलेलं अर्धं तेव्हा समजावलं. रडताना टाळू वर येते ती गोष्ट वेगळी. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असताना ती फुगलेली आणि ताठ दिसली, जोडीला ताप, उलट्या किंवा सुस्ती असली, तर एक मिनिट न थांबता घेऊन यायचं, मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

टाळू खाली जाणं आजींना जगभर कळतं, पुढचं मात्र सगळीकडे कळत नाही. मेक्सिकोत हा स्वतंत्र आजारच मानतात. टाळू ‘पडली’ म्हणून बाळाला उलटं धरतात, तळपाय थोपटतात, तोंडात बोट घालून आतून वर ढकलतात. पाणी कमी झालं म्हणून टाळू बसते, टाळू बसली म्हणून पाणी कमी होत नाही, एवढा उलटसुलट फरक. धर्माबादच्या आज्जींनी रिक्षा बोलावली, ही त्यांची खरी विद्या.

म्हणून तेलाबद्दलचं माझं मत मी थोडं दुरुस्त करून घेतलं आहे. तेल काही करत नाही. पण तेल लावायच्या निमित्तानं एक अनुभवी बोट दिवसातून दोनदा त्या दोन सेंटिमीटरवर फिरतं आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते टिपतं. बाळाचा जन्म झाल्यापासून त्याला एवढ्या नियमानं कोणीही तपासलेलं नसतं. आशाताईंच्याही भेटी ठरलेल्या दिवशी होतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. आज्जींची फेरी रविवारीही चुकत नाही. हा सगळा पहारा एका बाटलीत पन्नास-साठ रुपयांना मिळत असेल तर त्या तेलाला नावं कशाला ठेवा? फक्त ते नाकात जाऊ देऊ नका.

बाळ दीड वर्षाचं झालं तेव्हा डॉक्टरांनी माथ्यावर बोट फिरवलं आणि कार्डावर लिहिलं, टाळू बंद. बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर आणि रात्रीपर्यंत निजामाबादेत. आज्जी म्हणाल्या, खोबरेलाचा गुण. नानम्मा फोनवर म्हणाल्या, आमुदम. समोरच्या काकूंनी सांगितलं की त्या मधूनमधून, कोणी बघत नसताना, तुपाचं बोट लावून जात होत्या, म्हणून झालं. गुरुजींना आता बासरच्या सरस्वतीपुढे अक्षराभ्यास कधी करायचा त्याची घाई लागली आहे. राज्याची सीमा ओलांडली की बासर, जवळच तर आहे. आत्मा आत गेला, दार लागलं, आता विद्या तेवढी कोंबायची राहिली. जावयानं ड जीवनसत्त्वाच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या आहेत, पुरावा म्हणून.

बाजूच्या चार फटीही कधीच्या मिटल्या. त्यांचं श्रेय घ्यायला अजून कोणी पुढं आलेलं नाही. इच्छुकांनी चपला दाराशी काढून आत यावं.